गाणं वठवणारी एथेल वॉटर्स

१९३३ च्या सप्टेंबरअखेर न्यूयॉर्कच्या म्युझिक बॉक्स थिएटरात ‘ॲज थाउजंड्स चीअर’ नावाचा रेव्ह्यू लागला. रेव्ह्यूला कथानक नसतं. गाणी, नाच आणि विनोदी प्रवेश एकामागोमाग एक येत राहतात. संगीतकार अर्व्हिंग बर्लिन आणि लेखक मॉस हार्ट यांनी यात एक युक्ती केली होती. प्रत्येक प्रवेशाआधी वर्तमानपत्रातला एखादा मथळा झळके आणि मग त्या बातमीवरचं गाणं किंवा नाट्यछटा सुरू होई. बड्या लोकांची लफडी, राजकारण्यांची फजिती, हवामानाचा अंदाज असं सगळं हसतखेळत चाललेलं असताना मध्येच एक मथळा येई: खवळलेल्या जमावानं एका अनोळखी निग्रोला ठार मारल्याचा. मग रंगमंचावर एक काळी बाई रात्रीच्या जेवणाची तयारी करताना दिसे. नवरा आता घरी येणार नाही, हे मुलांना सांगायचं कसं, एवढाच त्या गाण्याचा विषय. गाण्याचं नाव ‘सपर टाइम’, आणि गाणारी एथेल वॉटर्स.

न्यूयॉर्कला येण्याआधी फिलाडेल्फियात चाचणीचे प्रयोग झाले, तेव्हा हे गाणं काढून टाका, हलक्याफुलक्या कार्यक्रमात याचं काय काम, असा आग्रह धरला गेला. बर्लिननं ऐकलं नाही. त्याच दिवसांतली आणखी एक गोष्ट सांगतात. प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना वंदन करताना एथेलच्या शेजारी उभं राहायला बाकीचे गोरे तारे तयार नव्हते. बर्लिन म्हणाला, ठीक आहे, मग कुणीच वंदनाला जायचं नाही. लगेच सगळे रांगेत उभे राहू लागले. आणि हे कधी, तर फलकावर तिचं नाव या मंडळींच्या बरोबरीनं झळकत असताना. ब्रॉडवेवर असा मान मिळालेली ती पहिली काळी स्त्री.

ब्लूजची गायिका पुढे पडद्यावरची नटी झाली, असं तिच्याबद्दल एका वाक्यात सांगायची पद्धत आहे. जणू मध्येच कुठेतरी तिनं धंदा बदलला. तिचं गाणं ऐकताना आणि काम बघताना मला मात्र वाटतं, की ही बाई पहिल्यापासून नटीच होती. तिला संवाद मिळायला पंचवीसेक वर्षं लागली, तोवर तिनं गाण्यांवर भागवलं.

तिचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९६ चा, पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर गावचा. आई लुईस अँडरसन तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची होती. जॉन वॉटर्स नावाच्या माणसानं तिच्यावर बलात्कार केला होता आणि त्याचंच आडनाव मुलीनं पुढे आयुष्यभर लावलं. आईला या मुलीकडे प्रेमानं बघणं जमलं नाही. ते तिचं तिला तरी कसं जमावं! एथेलला वाढवलं आजीनं. सॅली अँडरसन गोऱ्यांच्या घरी मोलकरणीचं काम करायची, बऱ्याचदा मालकांच्याच घरी राहायची. नात मावश्यांच्या हाती, फिलाडेल्फिया आणि चेस्टरच्या गल्ल्यांमध्ये, चोर आणि वेश्यांच्या शेजारात वाढली. चोऱ्या केल्या, शिव्या शिकली, मध्ये काही काळ कॅथलिक शाळेतही गेली. तेराव्या वर्षी लग्न झालं. नवरा मारायचा, ते लग्न फार टिकलं नाही. मग फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात तिनं खोल्या साफ करायचं काम धरलं. पगार आठवड्याला पावणेपाच डॉलर.

खोल्या आवरताना ती दारं लावून आरशासमोर नाटकं करायची, असं तिनंच लिहून ठेवलंय. स्वप्न गायिका व्हायचं नव्हतं. एखाद्या श्रीमंत बाईच्या खास तैनातीत राहून जग फिरावं, एवढीच इच्छा. १९१३ च्या हॅलोविनला, म्हणजे सतराव्या वाढदिवशी, मैत्रिणींनी आग्रह करून तिला एका क्लबात गायला लावलं. तिथल्या दोघांनी तिला बाल्टिमोरच्या लिंकन थिएटरात आठवड्याला दहा डॉलरवर नेलं. उंच, सडसडीत मुलगी; फलकावर नाव लागलं ‘स्वीट मामा स्ट्रिंगबीन’, फरसबीच्या शेंगेवरून. बाल्टिमोरलाच तिनं डब्ल्यू. सी. हँडीचं ‘सेंट लुईस ब्लूज’ गायला घेतलं. रंगमंचावर व्यावसायिकपणे ते गाणारी पहिली स्त्री आपणच, असा तिचा दावा होता.

ब्लूज म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं, कारण एथेलचं वेगळेपण त्यावाचून कळणार नाही. गाण्याची चौकट साधी असते. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसरी ओळ त्यांना उत्तर देणारी. बारा ‘बार’, म्हणजे तालाचे बारा खंड, झाले की एक कडवं संपतं आणि पुन्हा तेच चक्र. सूर पाश्चात्त्य सप्तकातल्या ठरावीक जागांवर सरळ बसत नाहीत. गंधार आणि निषाद जरा खाली ओढलेले, कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळणारे. पण यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे गाणं नेहमी कुणाच्या तरी तोंडी असतं. नवरा सोडून गेला, भाडं थकलं, नदीला पूर आला, आगगाडी सुटली. बोलणारी व्यक्ती ‘मी’ म्हणून बोलते. म्हणजे प्रत्येक ब्लूज मुळात एक स्वगत.

त्या काळची ब्लूज गायिका बेसी स्मिथ हे स्वगत गर्जून म्हणायची. तंबूच्या शेवटच्या बाकापर्यंत माइकशिवाय पोचणारा तो आवाज. अटलांटाच्या ‘८१ थिएटर’मध्ये या दोघी एकाच कार्यक्रमात आल्या, तेव्हा बेसीनं व्यवस्थापकाला बजावलं होतं, की या नव्या पोरीनं ब्लूज गायचे नाहीत. एथेल दुसरी गाणी म्हणू लागली, आणि प्रेक्षकच ब्लूज हवेत म्हणून ओरडायला लागले. लोकांना तिच्यात ऐकू येत होतं ते काहीतरी निराळं होतं. आवाज मोठा नव्हता. शब्द लख्ख. ती ओरडत नसे, बोलत असे. एखाद्या ओळीला नुसती भुवई उडवल्यासारखा स्वर लावून मजकूर उलटा करून टाकी. पद सुरू झालं की नट गवई होतो आणि पात्र बाजूला राहतं, ही आपल्याकडच्या संगीत नाटकांबद्दलची जुनी तक्रार. एथेलचं गाणं सुरू झालं की गाणारी बाजूला राही आणि पात्र पुढे येई.

१९१९ च्या सुमारास ती न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आली आणि एडमंड्स सेलर नावाच्या तळघरातल्या क्लबात गाऊ लागली. पहाटेपर्यंत चालणारा, बदनाम वस्तीतला अड्डा. त्याच सुमारास, १९२० मध्ये, मेमी स्मिथची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी अफाट खपली आणि काळे लोक पैसे देऊन तबकड्या घेतात, असा शोध रेकॉर्ड कंपन्यांना लागला. हॅरी पेस या काळ्या उद्योजकानं ‘ब्लॅक स्वान’ ही कंपनी काढली. काळ्यांच्या मालकीची, काळ्या श्रोत्यांसाठी. आता कंपनीपुढे प्रश्न होता, की आपण सभ्य, सुसंस्कृत संगीत विकायचं की लोकांना हवं ते. १९२१ मध्ये एथेलचं ‘डाउन होम ब्लूज’ आलं आणि प्रश्न आपोआप सुटला. या एका तबकडीसाठी तिला १०० डॉलर मिळाले. पुढे कंपनीनं तिला गावोगावच्या दौऱ्यावर धाडलं.

साथीला होता फ्लेचर हेंडरसन. रसायनशास्त्राचा पदवीधर, चांगल्या घरचा, पियानो शिकलेला, पण ब्लूज अजिबात अंगात नसलेला. एथेलला हवा तो डाव्या हाताचा ठेका त्याला जमेना. तिनं त्याला जेम्स पी. जॉन्सनच्या वादनाचे पियानो-रोल ऐकायला लावले. यंत्रावर ते वाजताना पट्ट्या आपोआप खाली जातात, त्यांवर बोटं ठेवून तो शिकला. हाच हेंडरसन पुढे बिग बँड संगीताचा एक जनक म्हणून ओळखला गेला. जॅझच्या इतिहासात या शिकवणीचं श्रेय एथेलच्या खात्यावर फारसं कुणी मांडत नाही.

तिच्यातली नटी ऐकायची असेल तर १९२५ ची ‘मेबी नॉट ॲट ऑल’ ही कोलंबियाची तबकडी ऐकावी. एकाच गाण्यात ती आधी आपल्या आवाजात गाते, मग बेसी स्मिथची नक्कल करते, मग क्लारा स्मिथ या दुसऱ्या ब्लूज गायिकेची. सात वर्षांनी ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाबरोबर गाताना तिनं लुई आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाज असाच हुबेहूब उचलला. या नकला थट्टेच्या नाहीत. दुसऱ्याच्या गळ्यात शिरून तिथून जग कसं दिसतं ते ती बघून येते.

‘डायना’, ‘स्वीट जॉर्जिया ब्राउन’, ‘ॲम आय ब्लू?’ ही गाणी तिची झाली. शेवटचं तिनं १९२९ मध्ये ‘ऑन विथ द शो’ या वॉर्नर ब्रदर्सच्या बोलपटात गायलं. पडद्यावरची ही तिची पहिली हजेरी, पण काम गाण्यापुरतंच. बोलपट नुकते आले होते आणि काळ्या गायिकांना त्यात एक गाणं म्हणून निघून जायला सांगत. ही गाणी कथेशी मुद्दाम जोडलेली नसत, कारण दक्षिणेतली चित्रपटगृहं तेवढा तुकडा सहज कापू शकत. बेसी स्मिथला आयुष्यात एकच चित्रपट मिळाला, त्याच वर्षीचा, तोही लघुपट.

१९३३ च्या वसंतात कॉटन क्लबमध्ये ‘स्टॉर्मी वेदर’ आलं. कॉटन क्लब हार्लेममध्ये, मालक दारूचा धंदा करणारा गुंड, रंगमंचावर सगळे काळे, आणि समोर टेबलांवर फक्त गोरे. तिथं एका दिव्याच्या खांबाखाली उभी राहून एथेल हे गाणं म्हणे. तेव्हा तिचं दुसरं लग्न मोडत होतं. शब्दांत सांगता येत नव्हतं ते आपण गाण्यात सांगत होतो, अशा अर्थाचं तिनं पुढे लिहिलं. बर्लिननं तिला इथंच ऐकलं आणि ‘ॲज थाउजंड्स चीअर’साठी घेतलं. तिथं तिच्याकडे ‘हीट वेव्ह’ हे झणझणीत गाणंही होतं, आणि ‘सपर टाइम’ही. एकाच संध्याकाळी दोन निरनिराळ्या बायका. तिचं मानधन त्या काळच्या ब्रॉडवेवर सर्वाधिक मानधनांपैकी होतं.

पण तिला हवं होतं नाटक. ड्यूबोस हेवर्डच्या ‘माम्बाज डॉटर्स’ या कादंबरीतली हेगार तिच्या डोक्यात बसली होती. अंगानं धिप्पाड, बुद्धीनं मंद, मुलीसाठी राबणारी आई. मुलीवर हात टाकणाऱ्याला ती ठार मारते. हेगारमध्ये एथेलला आपली आई दिसली होती. ३ जानेवारी १९३९ ला एम्पायर थिएटरात नाटक उघडलं. गाणं जवळपास नावापुरतं. सगळा भार अभिनयावर. पडदा सतरा वेळा वर न्यावा लागला. न्यूयॉर्क टाइम्सच्या ब्रूक्स ॲटकिन्सनला मात्र तिचं काम विशेष वाटलं नाही. त्यावर लेखक-छायाचित्रकार कार्ल व्हॅन व्हेक्टन, नटी तलुला बँकहेड वगैरे मंडळींनी त्याच वर्तमानपत्रात पैसे भरून जाहिरात दिली, की हा अभिनय थोर आहे. समीक्षकाला जाहिरातीनं दिलेलं असं उत्तर दुसरं मला आठवत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये एनबीसीनं प्रायोगिक दूरचित्रवाणीवर तिचा कार्यक्रम केला, त्यात या नाटकातला प्रवेश होता. टीव्ही घरोघर यायला तेव्हा अजून दहा वर्षं होती.

यापुढची गोष्ट चढत्या भाजणीची असायला हवी होती. ‘केबिन इन द स्काय’ या संगीतिकेत १९४० मध्ये तिनं पेटुनिया केली. जुगारी नवऱ्याला देवाच्या वाटेवर खेचणारी भाविक बायको. मूळ संहितेत पेटुनिया फार सोशिक होती. एथेलनं भूमिका नाकारली आणि लिखाण बदलून घेतलं. १९४३ मध्ये व्हिन्सेंट मिनेलीनं एमजीएमसाठी त्यावर चित्रपट केला, त्याचा तो पहिलाच. सगळे कलाकार काळे. कथा आज बघताना अवघड होते; भोळेभाबडे, फासे टाकणारे, स्वर्ग-नरकाच्या भीतीत जगणारे काळे लोक ही गोऱ्या लेखकांची लाडकी कल्पना तिथं पुरेपूर आहे. त्यात एथेल मात्र खरी वाटते. ‘हॅपिनेस इज अ थिंग कॉल्ड जो’ हे गाणं ती आजारी नवऱ्याच्या उशाशी म्हणते, आणि आपल्या सुखाबद्दल बोलताना ते सुख किती तकलादू आहे, हे तिला माहीत असल्याचं प्रत्येक ओळीत कळतं.

याच चित्रपटात लीना हॉर्न होती. पंचविशीची, देखणी, स्टुडिओच्या मर्जीतली. एथेल ४६ वर्षांची, तोवर बरीच जाड झालेली. चित्रीकरणाच्या दिवसांत लीनाचा घोटा दुखावला, सेटवर तिची सगळे ऊठबस करू लागले आणि एथेलचा बांध फुटला. वर्षानुवर्षांचा राग तिनं सगळ्यांसमोर ओकला. ती भांडखोर होती, संशयी होती. ज्यांनी तिच्याबरोबर काम केलं त्यातल्या बहुतेकांनी हे सांगितलंय. तिच्या बाजूनं एवढं म्हणता येईल, की तिच्या वाट्याला आलेल्या जगात संशय न घेणाऱ्या बायका फार दिवस टिकल्या नसत्या. हॉलिवूडला तसं म्हणायचं कारण नव्हतं. पुढची सहा वर्षं तिला चित्रपटात काम मिळालं नाही. पैसे संपले. ब्रॉडवेची महागडी तारका पुन्हा लहान क्लबांत गाऊ लागली.

१९४९ मध्ये ‘पिंकी’ आला. एथेल त्यात आजी झाली, धुणं धुणारी डायसी. तिची गोरीपान दिसणारी नात उत्तरेत गोरी म्हणून राहून नर्स होऊन परत येते. नातीचं काम अर्थातच गोऱ्या नटीला, जीन क्रेनला. दिग्दर्शन जॉन फोर्डनं सुरू केलं. त्याचं आणि एथेलचं मुळीच जमलं नाही. तो बाहेर पडला आणि एलिया कझान आला. तिला सहायक अभिनेत्रीसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. हॅटी मॅकडॅनियलनंतर असं नामांकन मिळालेली ती दुसरीच कृष्णवर्णीय कलाकार. टेक्ससमधल्या मार्शल गावानं चित्रपटावर बंदी घातली. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५२ मध्ये बंदी रद्द झाली.

हॅटी मॅकडॅनियल हीसुद्धा एकेकाळी ब्लूज गाऊन तबकड्या काढलेली बाई. हा योगायोग नाही. मोठ्या आवाजाच्या, स्वतःच्या मर्जीनं जगणाऱ्या, पुरुषांना रोखठोक सुनावणाऱ्या या बायका विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तबकड्यांवर होत्या. पडद्यावर येताना हॉलिवूडनं त्यांच्या कमरेला ॲप्रन बांधला. एथेल आयुष्याच्या सुरुवातीला खरीखुरी मोलकरीण होती, आणि तिची आजीही. म्हणून असेल, ती या भूमिका करताना हसवायला जात नाही. डायसीची कष्टानं वाकलेली चाल तिनं कुठून आणली, हे सांगायला लागत नाही.

१९५० हे वर्ष तिचं. कार्सन मॅककलर्सच्या ‘द मेंबर ऑफ द वेडिंग’ या नाटकात ती बेरेनीस झाली. जॉर्जियातल्या एका घरातली स्वयंपाकीण, जिच्या टेबलाभोवती बारा वर्षांची हट्टी मुलगी आणि एक लहान मुलगा उन्हाळाभर बसलेले असतात. यात देव कुठं आहे, असं विचारून एथेलनं आधी भूमिका नाकारली होती. शेवटी तडजोड झाली: एका गाण्याऐवजी तिनं आपल्या आजीचं आवडतं भजन घातलं, ‘हिज आय इज ऑन द स्पॅरो’. नाटकाचे ५०१ प्रयोग झाले. पुढच्या वर्षी आलेल्या तिच्या आत्मचरित्राचं नावही तेच. त्यातलं पहिलं पान वाचून त्या काळचे वाचक हबकले होते. आईवरच्या अत्याचारापासून ती सुरुवात करते, आणि स्वतःला कुठेही सोडत नाही.

नाटक चालू असतानाच दिवसा ती एबीसीच्या ‘ब्यूला’ या टीव्ही मालिकेत मोलकरीण ब्यूलाचं काम करत होती. अमेरिकन टीव्ही मालिकेची पहिली कृष्णवर्णीय नायिका ती. या ब्यूलाचा जन्म रेडिओवरचा, आणि तिथं तिचा आवाज सुरुवातीला एक गोरा पुरुष काढत असे! नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेनं मालिकेवर कडक टीका केली, आणि ती रास्त होती. मालिकेतली ब्यूला गोऱ्या मालकांचे प्रश्न सोडवत असते. स्वतःचा असा प्रश्न तिला नसतोच. काही काळानं एथेल बाहेर पडली. एकाच दिवसात सकाळी ब्यूला आणि रात्री बेरेनीस करणारी बाई या दोन स्वयंपाकघरांमधला फरक कुणाही टीकाकारापेक्षा जास्त जाणत असणार.

नंतर कामं आटली, आयकर खात्याची देणी चढली. १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांच्या सभा चालू होत्या. एथेल एका संध्याकाळी तिथं गेली आणि मग त्यांच्या समूहगानात सामील झाली. पुढची वीस वर्षं ती त्यांच्या सभांमधून तेच चिमणीचं भजन गात राहिली. १ सप्टेंबर १९७७ ला कॅलिफोर्नियात ती वारली. नागरी हक्कांच्या चळवळीच्या ऐन धामधुमीत ती मोर्चांत नव्हती, धर्मसभांत होती; त्यामुळे तरुण पिढीनं तिला जुन्या जमान्यातली सोशिक म्हातारी म्हणून बाजूला टाकलं. हार्लेमच्या तळघरात पहाटे तीनला द्व्यर्थी गाणी म्हणणारी, जमावानं केलेल्या हत्येचं गाणं ब्रॉडवेच्या झगमगाटात उभं करणारी बाई त्यांना ठाऊकच नव्हती.

तिचं काम बघायचं तर ‘द मेंबर ऑफ द वेडिंग’चा फ्रेड झिनेमननं केलेला १९५२ चा चित्रपट आधी बघावा. ज्युली हॅरिस तेव्हा पंचविशीची होती आणि बारा वर्षांची मुलगी करत होती. तिला ऑस्करचं नामांकन मिळालं, एथेलला नाही. आणि मिळाला तर ‘रूट ६६’ मालिकेचा १९६१ चा ‘गुड नाइट स्वीट ब्लूज’ हा भाग. त्यात ती मरणाच्या दारातली ब्लूज गायिका आहे, आणि शेवटचं एकदा आपल्या जुन्या वादकांना एकत्र ऐकायची तिची इच्छा आहे. वादकांत कोलमन हॉकिन्स, रॉय एल्ड्रिज, जो जोन्स हे जॅझमधले खरेखुरे दिग्गज. ॲप्रन नाही, कुणाचं स्वयंपाकघर नाही. या कामासाठी तिला एमीचं नामांकन मिळालं. ते मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री. पुरस्कार त्या वर्षी व्हिक्टोरिया राणीची भूमिका करणाऱ्या नटीला गेला. ती नटी ज्युली हॅरिस.